मिशनच्या क्वार्टरमध्ये घरची माणसे येणार असतील, तर आधी काय ठरवावे

ताई, सलाम. तुम्ही आणि तुमचे पती पश्चिम केनियात, किसुमूजवळच्या एका मिशन रुग्णालयात सेवेला आहात. तुम्ही वॉर्डात परिचारिका आहात आणि ते तिथल्या चर्चच्या मंडळीतील तरुणांचे काम पाहतात. कोल्हापुराहून तुमचे आई-बाबा आणि मिरजेहून तुमच्या सासूबाई यंदाच्या नाताळात तीन आठवड्यांसाठी तुमच्याकडे यायचे म्हणत आहेत. क्वार्टर दोन खोल्यांचे, नाताळात चर्चची कामे एकावर एक, ड्युटी बदलून मिळण्याची शाश्वती नाही आणि संस्थेपुढे हा विषय काढायचा संकोच. अशा वेळी त्यांना नको म्हणावे, रजा टाकावी, की येतील तसे येऊ द्यावे, असे तुम्ही विचारले आहे.

आम्ही उभयतांनी पूर्व आफ्रिकेत मिशनच्या सेवेत बरीच वर्षे काढली. परत आल्यापासून मी कोल्हापुरात राहते आणि आपल्या भागातून परदेशी सेवेला निघणाऱ्या कुटुंबांची तयारी करून घेते, त्यामुळे जाणाऱ्यांचे आणि मागे राहणाऱ्यांचे, दोघांचेही बोलणे माझ्या कानावर येत असते. पुढे जे लिहिते आहे ते त्या आधारावर लिहिते आहे.

तुम्ही प्रश्न जागेचा आणि रजेचा म्हणून मांडला आहे आणि तो तसा आहेच. परंतु तुम्ही ओघात लिहिलेले एक वाक्य मला त्याहून महत्त्वाचे वाटले. आपण पाहुण्यांतच रमलो असे मंडळीला वाटायला नको आणि आपल्यासाठी लेकीला वेळ नाही असे आईला वाटायला नको, असे तुम्ही म्हणता. म्हणजे मंडळीसमोर घर झाकायचे आणि घरच्यांसमोर काम झाकायचे, असा तुमचा बेत आहे. तीन आठवडे हे झाकणे कोणालाही जमत नाही आणि त्यातच माणूस थकून जातो. शिवाय त्याची गरजही नाही. आई-बाबा एवढा खर्च करून आणि एवढा प्रवास करून येतात, ते लेक वेळेवर जेवते का, तिला झोप मिळते का, अडीअडचणीला हाक मारावी असे माणूस तिच्या आसपास आहे का, हे डोळ्यांनी पाहण्यासाठी. याचे उत्तर तुमच्या रोजच्या दिवसात आहे. तो दिवस त्यांना आहे तसा दिसू द्यावा, आणि तो कसा असतो हे दोन्ही बाजूंना तिकिटे काढण्यापूर्वी स्पष्ट सांगावे, हे माझे मुख्य सांगणे आहे. बाकीचे सगळे त्यातूनच निघते.

यातील बरेच काही संस्थेच्या नियमांवर अवलंबून आहे, हे आधीच मान्य करते. काही संस्था पहिल्या वर्षी पाहुणे नकोत असे म्हणतात, कारण त्या काळात माणसाने भाषा शिकावी आणि स्थानिक लोकांत मिसळावे अशी त्यांची अपेक्षा असते. चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या चर्चमध्ये तर अठरा महिने किंवा दोन वर्षांच्या सेवेवर गेलेल्या तरुणांना घरच्यांनी भेटायला जाऊ नये असेच सांगितले जाते. फेब्रुवारी २०१९ पासून त्यांना आठवड्यातून एकदा घरी फोनवर किंवा व्हिडिओवर बोलता येते, पण प्रत्यक्ष भेट सेवा संपल्यावर. तुमच्यासारखे पती-पत्नी दीर्घ मुदतीच्या सेवेला असतात तेव्हा नियम सहसा सैल असतात, तरीही करारातील रजा, निवास आणि वाहन ही तीन कलमे पुन्हा वाचावीत. तिथे स्पष्ट मनाई असेल, तर माझा पुढचा सल्ला बाजूला ठेवून नियमच पाळावा.

मनाई नसेल, तर या आठवड्यातच पत्र लिहावे. एक प्रत संस्थेच्या वरिष्ठांना, एक रुग्णालयाच्या प्रमुखांना, आणि स्थानिक पाळकसाहेबांना मात्र प्रत्यक्ष भेटून सांगावे. पत्रात कोण येणार, किती दिवस राहणार, कुठे झोपणार, खर्च कोण करणार, तुम्ही कोणते दिवस रजेवर असाल आणि कोणत्या दिवशी नेहमीप्रमाणे कामावर असाल, हे सगळे एका पानात यावे. परवानगीची याचना करणारी भाषा नको आणि सगळे ठरवून झाल्यावर नुसते कळवणारीही नको. 'आमचा असा विचार आहे, आपल्याला काही अडचण वाटत असल्यास तिकिटे काढण्यापूर्वी सांगावे' असे सरळ लिहावे. हे पत्र प्रवासाच्या कागदपत्रांनाही उपयोगी पडते. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगी सुरू केली आहे आणि त्या अर्जात पाहुणे कुठे राहणार हे द्यावे लागते. हॉटेलचे आरक्षण नसेल, तर ज्यांच्याकडे उतरणार त्यांचे निमंत्रणपत्र लागते. घर संस्थेचे असताना संस्थेला न कळवता ते पत्र तुम्ही कसे देणार?

आता तारखा. मला विचाराल, तर नाताळ टाळावा आणि जानेवारीचा दुसरा आठवडा धरावा. डिसेंबरात केनियातील शाळांना मोठी सुट्टी असते, शहरांतील माणसे गावी निघतात, बसचे भाडे चढते आणि गाड्या भरून जातात. रुग्णालयातील स्थानिक सहकाऱ्यांनाही त्याच दिवसांत आपापल्या घरी जायचे असते. वर्षभर ज्या बहिणीने तुमच्या अडचणीच्या वेळी ड्युटी केली, तिची नाताळाची रजा तुमच्या पाहुण्यांमुळे हुकली, तर ती तोंडाने काही बोलणार नाही, परंतु ते लक्षात राहील. जानेवारीत तुम्ही मागितलेल्या रजेला कोणाचा विरोध होणार नाही आणि नाताळात तुम्ही वॉर्डात उभ्या होता हेही सर्वांनी पाहिलेले असेल. बाबांना नातवंडांच्या शाळेसारखे दुसरे बंधन नाही, असे तुमच्या लिहिण्यावरून दिसते, म्हणून हा बदल त्यांना जमावा. नाताळाची उपासना लेकीबरोबरच करायची असा आईचा आग्रह असेल आणि तो मोडवत नसेल, तर निदान त्या आठवड्यात आपण घरी क्वचितच असू, हे तिला आत्ताच सांगून ठेवावे.

घराविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण गैरसमजाची सुरुवात बहुधा तिथून होते. आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनात मिशन म्हटले की एक ठरलेले चित्र असते. मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, पुढे मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत रुग्णालय उभे केले, आणि तेव्हापासून आपल्या पिढ्यांनी मिशनरी पाहिला तो त्याच्या अंगणात उभे राहून. मोठे कंपाउंड, उंच छताचा बंगला, रुंद व्हरांडा, हाताखाली माणसे. आपली मुलगी आता मिशनवर आहे म्हटल्यावर तेच चित्र तिच्या नावाने पुढे चालू राहते. मग पत्र्याचे छप्पर, टाकीतले पाणी बादलीने काढून अंघोळ आणि रात्री गेलेली वीज पाहून आई पहिल्याच दिवशी रडू लागते, आणि लेकीला वाटते की आपले काहीतरी चुकले. यावर उपाय सोपा आहे. घराचा व्हिडिओ आत्ताच पाठवावा, आणि त्यात न्हाणीघर, संडास, चूल किंवा गॅस आणि मच्छरदाणी लावलेला पलंग हे सगळे दाखवावे. समोरचे झाड आणि सूर्यास्त नंतर पाठवला तरी चालेल.

दोन खोल्यांत पाच माणसे तीन आठवडे राहू शकत नाहीत, तेव्हा रुग्णालयाच्या आवारात अतिथिगृह असेल तर एक खोली जरूर घ्यावी आणि तिचे भाडे पाहुण्यांनी किंवा तुम्ही स्वतःच्या खिशातून भरावे. खोलीत कोणी जायचे, हा प्रश्न नाजूक आहे. माझ्या मते आई-बाबांनी जावे आणि सासूबाईंनी तुमच्या घरी राहावे. याचे कारण मानपान नाही. आई-बाबा एकमेकांना सोबत आहेत; सासूबाई एकट्या आहेत आणि परक्या मुलखात रात्री वीज गेल्यावर एकट्या खोलीत त्यांना झोप लागणार नाही. हे कारण जसेच्या तसे बोलून दाखवावे, म्हणजे लेकीने आपल्याला बाहेर ठेवले असे आईला वाटणार नाही आणि सुनेने उपकार केले असे सासूबाईंना वाटणार नाही. आईला तुम्ही सांगावे, सासूबाईंना त्यांच्या मुलाने सांगावे. दोन विहिणी एका स्वयंपाकघरात आल्या की दोघीही संकोचतात. एकीला हे लेकीचे घर म्हणून हात आखडता घ्यावासा वाटतो, दुसरीला मुलाचे घर म्हणून पुढे व्हावेसे वाटते. दुपारचा स्वयंपाक एकीकडे, रात्रीचा दुसरीकडे, अशी वाटणी पहिल्याच दिवशी करून दिली की तुम्ही निर्धास्तपणे ड्युटीवर जाऊ शकता. त्या वाटणीत तुमच्या पतींचेही नाव असले पाहिजे. पाहुणे दोघांचे आहेत आणि सेवेलाही दोघेच आला आहात.

दिवसांची आखणी मी अशी करून देते. आल्यानंतरचे पहिले दोन दिवस कोणालाही कुठे नेऊ नये. मुंबई ते नैरोबी विमान थेट असले तर सुमारे सहा तासांत पोहोचते आणि घड्याळ अडीच तासच मागे जाते, त्यामुळे वेळेचा त्रास फारसा होत नाही. पण कोल्हापूर ते मुंबई हा रात्रीचा प्रवास, विमानतळावरील ताटकळणे आणि नैरोबीहून किसुमूपर्यंतचा टप्पा मिळून साठीपुढची माणसे दमतात. त्यानंतरचे दीड-दोन आठवडे तुम्ही नेहमीप्रमाणे कामावर जावे. रजा शेवटी ठेवावी आणि त्या दिवसांत रस्त्याने नैरोबीकडे निघावे. वाटेत नाकुरू लागते, तिथे एक रात्र थांबून राष्ट्रीय उद्यान पाहता येते, आणि नैरोबी राष्ट्रीय उद्यान तर शहराला लागूनच आहे. असे केले की फिरणे, निरोप आणि निरोपानंतरचा एक दिवस, सारे रजेतच होते. फिरणे आधी उरकून मग कामावर परतणाऱ्यांची अडचण मी पाहिली आहे. सहलीत लागलेली सवय घरी आल्यावर मोडावी लागते आणि पाहुणे दिवसभर दाराकडे पाहत बसतात.

कामाच्या दिवसांत त्यांनी काय करावे? स्वाहिलीत एक म्हण आहे, पाहुणा दोन दिवस पाहुणा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. ती मनापासून पाळावी. एका कुटुंबातील सासूबाईंना रुग्णालयाच्या मेट्रनने, म्हणजे मुख्य परिचारिकेने, नवजात बाळांसाठी लोकरी टोप्या विणायला सांगितल्या. दुपारी व्हरांड्यात त्या सुया घेऊन बसत. मग ओपीडीला आलेल्या बायका शेजारी येऊन बसू लागल्या, एकीने टाका पाहून घेतला, दुसरीने आपल्या बाळाला तीच टोपी घालून आणून दाखवली. भाषा एकीचीही दुसरीला येत नव्हती. त्या बाई मिरजेस परत गेल्यावर सुनेच्या कामाविषयी जेवढ्या जिव्हाळ्याने बोलत, तेवढे सुनेने पाठवलेल्या कोणत्याही पत्राने साधले नसते. तुमच्या सासूबाईंनाही असे काही देता येईल. मात्र एक मर्यादा सांभाळावी. तुमची आई निवृत्त परिचारिका आहे असे तुम्ही लिहिले आहे. तिने वॉर्डात रुग्णाला हात लावू नये, सलाईनही पाहू नये. तिथे नोंदणी नसताना परिचर्या करणे नियमात बसत नाही आणि ती आलेली असते ती भेटीच्या परवानगीवर. रुग्णांचे आणि लहान मुलांचे फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकणे, हेही तितकेच चुकीचे आहे. मुलांच्या पालकांना विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये, हे बाबांना निघण्यापूर्वीच सांगावे.

रविवारी उपासनेत पाहुण्यांना उभे करून ओळख करून द्यायला सांगतात, तेव्हा बाबांनी दोन वाक्ये तयार ठेवावीत. 'ब्वाना असिफिवे', म्हणजे प्रभूची स्तुती असो, म्हटले की सारी मंडळी 'आमेन' म्हणते. त्यानंतर आपले नाव, गाव आणि कोल्हापूरच्या मंडळीचा सलाम, एवढे पुरेसे आहे. दहा मिनिटांचे भाषण नको. त्यानंतर कोणी ना कोणी घरी जेवायला बोलावील आणि तिथे तुमच्या मनात पुन्हा संकोच येईल, की त्यांच्यावर खर्चाचा भार कशाला. ते निमंत्रण घ्यावे. ज्यांची सेवा करायला आपण गेलो, त्यांच्याकडून आपल्या आईला ताट वाढले जाणे, याने नाते बरोबरीचे होते. उगाली हा मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि सुकुमा ही पालेभाजी घरच्यांना पहिल्यांदा फिकी लागेल, पण चहा आणि चपाती तिथेही रोजची आहे, त्यामुळे उपाशी कोणी राहणार नाही.

पैशांविषयी मात्र मी फार कडक आहे. एका कुटुंबातील वडिलांनी पहिल्याच संध्याकाळी आवारातील मुलांना चॉकलेटे वाटली आणि रखवालदाराच्या हातात एक मोठी नोट ठेवली. हेतू अगदी निर्मळ होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात मुलांची रांग होती आणि रात्रपाळीचा दुसरा रखवालदार नाराज होता. वडील पंधरवड्याने परत गेले. रांग आणि नाराजी मुलगी-जावयाच्या वाट्याला कितीतरी महिने राहिली. म्हणून सुटे पैसे, साड्या, जुने मोबाइल असे काही हातोहात देऊ नये. द्यायचेच असेल, तर शेवटच्या आठवड्यात रुग्णालयाच्या खजिनदाराकडे द्यावे, पावती घ्यावी आणि कशासाठी वापरावे हे त्यांनाच ठरवू द्यावे. कोणी आई-बाबांना बाजूला घेऊन मुलाची फी किंवा घराचे काम सांगितले, तर 'आम्ही मुलीशी बोलून सांगतो' एवढेच म्हणावे.

हिशेबाची दुसरी बाजू म्हणजे मिशनची गाडी. विमानतळावर आणायला किंवा नाकुरूला जायला ती वापरायची असेल, तर आधी परवानगी घ्यावी, निघताना आणि परतल्यावर किलोमीटरचा आकडा लॉगबुकात लिहून समोर 'खासगी' अशी नोंद करावी आणि संस्थेच्या दराने पैसे भरावेत. ती गाडी कोणाच्या तरी दानातून आलेली आहे. पुढे कोणी विचारलेच, तर वहीतील एक ओळ तुमच्या वतीने उत्तर देईल.

आता निघण्यापूर्वीची तयारी. केनियाला जाऊन भारतात परतताना यलो फीव्हरच्या लसीचे प्रमाणपत्र लागते. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, तिची वेळ आधी घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते, मग मात्र ते आयुष्यभर चालते. साठीपुढच्या माणसांत या लसीचा गंभीर त्रास होण्याची शक्यता कमी असली तरी तरुणांपेक्षा जास्त असते, म्हणून तिघांनीही आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना आधी दाखवावे. ती घेता येणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले, तर तिकीट काढण्यापूर्वीच परतीच्या नियमांची चौकशी करावी. नैरोबी उंचावर असल्यामुळे तिथे मलेरियाचा धोका कमी आहे, पण व्हिक्टोरिया सरोवराकाठचा तुमचा भाग मलेरियाचा आहे. कोणती प्रतिबंधक गोळी घ्यायची हे रक्तदाब-मधुमेहाची औषधे पाहून डॉक्टरच ठरवतील. प्रवासविमा घेताना आधीपासूनचे आजार आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, हे वाचून घ्यावे. रोजची औषधे पूर्ण मुदतीची आणि वर आठवडाभराची, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत असावीत.

सामानाचेही सांगते. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि ती पाहुण्यांनाही लागू आहे, तर जून २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक बाटल्याही चालत नाहीत. आपल्याकडे चटणी, पापड, चिवडा असे सगळे एका पिशवीत दुसरी पिशवी घालून बांधतात. त्याऐवजी घट्ट झाकणाचे डबे आणि कापडी पिशव्या वापराव्यात, आणि प्रत्येकाने स्टीलची पाण्याची बाटली घ्यावी. कांदा-लसूण चटणी जरूर मागवा, ती तिथे मिळत नाही. डाळी आणि साधे मसाले किसुमूतील भारतीय दुकानांत मिळतात, त्यांचे ओझे नको. कढीपत्त्याचे रोप, बियाणे किंवा ताजी फळे आणायला मात्र ठाम नकार द्यावा, कारण परवान्याशिवाय ती विमानतळावरच काढून घेतली जातात.

ते परत गेल्यावर एक गोष्ट तुम्ही फोनवर आठवणीने विचारत राहावी. मलेरियाची प्रतिबंधक गोळी परतल्यानंतरही काही दिवस चालू ठेवायची असते. औषधाप्रमाणे तो काळ एक आठवडा ते चार आठवडे असतो, आणि घरी पोहोचल्यावर नेमकी तीच बंद केली जाते. पुढच्या तीन महिन्यांत तिघांपैकी कोणालाही ताप आला, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात 'आम्ही केनियाहून आलो आहोत' असे सांगून त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करायला सांगावे. आपल्याकडे ताप म्हटला की आधी डेंग्यूचा विचार होतो, आणि आफ्रिकेतील मलेरियात एक-दोन दिवसांचा उशीरही महागात पडतो.